नम्रताचा गुडघा आणि बाबलीची रापण

देवबागच्या नम्रता तांडेलला नौदलाचं बोलावणं आलं तेव्हा ती घावने घालत होती. एका हातात कालथा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तव्यावरचं घावन जाळी पडायचं सोडून कोळसा व्हायच्या मार्गाला लागलेलं. यादीतला आपला नंबर तिने तीनदा मनात वाचला, चौथ्यांदा मोठ्याने वाचला आणि तशीच कालथा घेऊन अंगणात धावली. अंगणात इचलकरंजीहून आलेलं एक कुटुंब न्याहारीची वाट बघत बसलं होतं. त्यांना न्याहारीआधी बातमी मिळाली. त्यातल्या आजोबांनी उठून तिला कडक सलाम ठोकला, आणि मग कुठे तिला आतून जळका वास आला.

अग्निवीर म्हणून तिची निवड झाली होती. लेखी परीक्षा झाली होती, धावण्याची झाली होती, एक वैद्यकीय तपासणीही झाली होती. आता बारा आठवड्यांनी ओडिशातल्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं. तिथे पुन्हा एक तपासणी, आणि त्यातून पार पडलं की पहाटेपासून धावणं, कवायत, दोरावर चढणं, परत धावणं. आदल्या वर्षी तिची संधी चार-पाच गुणांनी हुकली होती. वयाच्या अटीत बसायची ही शेवटचीच खेप, त्यामुळे आनंदही दुप्पट होता आणि धाकधूकही.

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माड, घरं नि एक रस्ता. अशा गावात वाढलेल्या पोरीला चालण्यापेक्षा पोहणं आधी यावं यात नवल नाही. पंधराव्या वर्षी नम्रता पैजेवर खाडी पोहून पलीकडे भोगव्याला गेली होती आणि पलीकडच्या होडीवाल्यांच्या शिव्या खाऊन त्यांच्याच होडीतून परत आली होती. थांबणं हा प्रकार तिच्या अंगात नव्हता. शाळेत बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर, आणि उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचं. पोहून पोहून खांदे भरलेले, छाती भात्यासारखी चालणारी, आणि त्याखाली दोन लांबच लांब पाय. तिची आई त्यांना माडाचे हीर, म्हणजे झाडूच्या काड्या, म्हणायची.

आईचं, म्हणजे सावित्रीचं, या नौदल प्रकरणाबद्दलचं म्हणणं अगदी साधं होतं. नवरा सत्यवान मालवाहू जहाजावर खलाशी. वर्षातले नऊ महिने तो कुठल्या समुद्रात आहे हे तिला मोबाइलच्या नकाशात बघूनही उमगत नसे. घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या, त्या तिने आणि नम्रताने मिळून चालवलेल्या. “एक माणूस समुद्राक दिलंय, दुसरा देवचंय नाय,” असं ती म्हणायची. पण अर्ज भरताना तिने अडवलं नव्हतं. इतक्या पोरींतून हिचाच नंबर कशाला लागतोय, असा तिचा अंदाज. तो चुकला. शेजारीपाजारी साखर वाटायला तीच गेली, हसून सगळ्यांशी बोललीही, आणि घरी येऊन तासभर पाठमोरी मासे साफ करत बसली.

नम्रताला मात्र ते दिसायला वेळ कुठे होता? दुसऱ्याच पहाटेपासून तिने धावायला सुरुवात केली. घरामागून किनाऱ्यावर उतरायचं आणि पाण्याच्या कडेने, ओल्या घट्ट वाळूवरून थेट तारकर्लीपर्यंत. तिथे रस्त्यावर येऊन उभं राहिलं की मालवणहून पावांचा हारा बांधून देवबागकडे निघालेला पाववाला मोटारसायकलवरून यायचा. त्याच्या मागे बसून ती घरी. पाहुण्यांना साडेसातला चहा लागतो, तेव्हा येताना धावण्याची चैन परवडणारी नव्हती. जाताना धावत, येताना पावांबरोबर, असा तिचा नेम. रोज थोडं जास्त आणि रोज थोडं जोरात. वारा, लाटांचा आवाज, आपण आता नौदलातल्या होणार हा विचार, यांच्या भरात पाय वाळूला लागतायत की नाही तेही तिला कळत नसे.

तिसऱ्या आठवड्यात कळलं. विहिरीच्या पायऱ्या उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे सुई टोचल्यासारखं झालं. दोन दिवसांनी मासे साफ करायला उकिडवी बसली ती हात टेकल्याशिवाय उठेना. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. नम्रताने काय करावं? तिने स्टुलावर बसून घावने घालायला सुरुवात केली. आईने विचारलं तर म्हणाली, हल्ली सगळे असंच करतात. आणि धावणं चालूच ठेवलं.

तिची ही लपवाछपवी पकडली बाबलीने.

बाबली तांडेल हा गावच्या रापणीचा म्होरक्या, वय सदुसष्ट. नम्रताचं नि त्याचं आडनाव एक, नातं लांबचं, पण ती त्याला काकाच म्हणायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्ध्या चंद्रासारखं टाकून यायचं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांवर पंधरा-पंधरा माणसं. आत मासळी आहे की नुसता पाला हे जाळं बाहेर येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. बाबलीचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा. किनाऱ्यावर फिरायचं, पाण्याचा रंग बघायचा, पक्षी बघायचे, वाळू बघायची. त्या सकाळी तो वाळूच बघत उभा होता.

“नम्रता, गो हय ये,” त्याने हाक मारली. “उजव्या गुडघ्यात कधीपासून दुखता?”

नम्रता जागच्या जागी थबकली. “तुमका कोणी सांगल्यान?”

“कोण सांगतलो? ह्या बग, वाळूत लिवलेला आसा.” त्याने काठीने तिचीच पावलं दाखवली. डावं पाऊल सपाट उमटलेलं. उजव्याची मात्र आतली कड खोल रुतलेली आणि बाहेरची नुसती टेकलेली. “पंधरा दिस बगतंय मी. आणि आणखी एक गोष्ट माका कळणा नाय. तुझी जातानाची पावला आसत, येतानाची नाय. तू येतस कशी, उडान?”

तिने पाववाल्याचं सांगितलं. बाबली हसायला लागला तो खोकला लागेपर्यंत हसला. मग त्याने तिला समजावलं. किनारा समुद्राकडे उतरता असतो. तारकर्लीकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे उजवा पाय कायम चढावर आणि आत कललेला. येतानाही ती धावत आली असती तर तोच भार दुसऱ्या पायाने उचलला असता आणि हिशेब मिटला असता. “तू सगळी शिक्षा एकाच पायाक दिलस,” तो म्हणाला. “पावासाठी.”

इतकी वर्षं या किनाऱ्यावर राहून आपल्याला हे सुचलं नाही, याचा नम्रताला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. नऊ आठवडे उरले होते. पोचल्यावर तपासणी होती. तिने पटकन डोळे पुसले आणि विचारलं, “काकानू, ह्या बरा होतला?”

“माका काय म्हायत? मी डॉक्टर आसंय? आधी आवशीक सांग. तू सांगणस नाय तर मी सांगतंय.”

तिने आईला सांगितलं. सावित्रीने तिची पॅन्ट गुडघ्यावर सारून सूज पाहिली, उठून कुंपणाजवळचा सुजेवरचा निगडीचा पाला तोडून आणला, तव्यावर गरम केला आणि गुडघ्याला बांधला. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. पण त्या काळजीच्या आड कुठेतरी एक सुटका झाल्यासारखं होतं, आणि ते नम्रताला दिसलं. वाईट वाटलं तिला. पण पाला बांधणारे हात इतके मायेने फिरत होते की भांडायचं कशावरून हेच तिला समजेना.

मालवणच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि हाड ठीक असल्याचं सांगून सारिका मॅडमकडे पाठवलं. सारिका फिजिओथेरपिस्ट, मूळची घाटावरची. मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी मालवणात यायची. तिने नम्रताला एका बुटक्या पायरीवर एका पायावर उभं केलं आणि सांगितलं, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लावायची आणि परत वर यायचं. डाव्या पायावर जमलं. उजव्यावर अर्ध्यातच पाय थरथरला आणि गुडघा समोर जायचा सोडून डाव्या गुडघ्याला भेटायला गेला.

“बघ,” सारिका बरोबर आलेल्या सावित्रीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली. “गुडघ्यात फारसं काही बिघडलेलं नाही. मांडी आणि कंबर कामचोर आहेत. त्यांचं काम हा बिचारा एकटा करतोय आणि मार खातोय. डावाही काही फार मोठा पैलवान नाही, तो फक्त अजून ओरडलेला नाही.”

“बरा होईल ना, मॅडम? कधी? मी दिवसातून चार वेळा व्यायाम करीन. सहा वेळा करीन.”

“इथेच तर तुझं चुकतंय,” सारिका म्हणाली.

तिने व्यायाम दाखवले. भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. उताणं पडून कंबर उचलायची. कुशीवर पडून पाय वर न्यायचा. पायरी चढायची, त्याहून हळू उतरायची. तीन आठवडे धावायचं नाव काढायचं नाही. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की तिथेच थांबायचं. आणि निघायच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी परीक्षा: याच पायरीवर प्रत्येक पायावर दहा वेळा, गुडघा आत न वळता आणि न दुखता. “दहा झाले नाहीत तर मी तुला जाऊ नको म्हणेन, आणि तू ऐकायचंस. तिथे जाऊन गुडघा पुरता गेला तर नोकरी तर जाईलच, वर जन्मभर लंगडशील. कबूल?”

नम्रताने आईकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं आणि कबूल म्हणाली.

“खरं तर तुझ्यासाठी एक व्यायाम फार चांगला आहे,” सारिका कागदावर लिहिता लिहिता म्हणाली. “उलटं चालत जड वजन ओढायचं. मांडीची पुढची बाजू मस्त तयार होते आणि गुडघ्याला धक्का बसत नाही. शहरातल्या मोठ्या व्यायामशाळांत त्यासाठी लोखंडाची घसरगाडी असते. पण ती इथे कुठून आणायची?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नम्रता जी हसत सुटली ती बाहेर बसलेल्या पेशंटांनी आत डोकावेपर्यंत. “मॅडम, आमच्याकडे रोज सकाळी तीस माणसं तेच करतात.”

तिने मोबाइलवरचा रापणीचा व्हिडिओ दाखवला. सारिकाने तो तीनदा पाहिला. माणसं समुद्राकडे तोंड करून, कमरेचा पट्टा दोराला अडकवून, टाचा रोवत उलटी चालत किनारा चढतायत. वर पोचली की पट्टा सोडून परत पाण्याजवळ येऊन दोराला लागतायत. “अगं, हेच! अगदी हेच,” ती म्हणाली आणि लिहिलेला कागद फाडून नव्याने लिहायला बसली.

आता अडचण आली ती रापणीच्या शिरस्त्याची. दोराला एकदा लागलं की जाळं बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही, हा तिथला नियम. कुणी मध्येच सुटलं तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, दोर ढिला होतो आणि जाळ्याच्या फटीतून मासळी निघून जाते. आणि सारिकाचा हुकूम होता की दुखलं की थांब. बाबली दोन दिवस यावर डोकं खाजवत होता. तिला दोरावर घ्यायची त्याला इच्छा तर होतीच, कारण माणसं कमी पडत होती आणि नम्रताचे खांदे त्याने पाहिले होते. शेवटी त्याने तिची काशीबाईबरोबर जोडी लावून दिली. काशीबाई साठीची, पण दोरावर उभी राहिली की खांब. “तुमची दोघींची मिळान एक जागा,” बाबली म्हणाला. “हेचा दुखला तर तू लाग. जागा रिकामी रवता कामा नये.”

“म्हणजे काम मी करूचा आणि नेवीत ह्या जातला,” काशीबाई म्हणाली आणि पट्टा बांधून उभी राहिली.

पहिल्या दिवशी नम्रता सहा खेपांत संपली. खाडी पोहून गेलेली पोर, आणि मांड्यांना अशी आग लागली की घरी जाताना तिने तीनदा माड धरला. पण गुडघा बोलला नाही! दुसऱ्या दिवशी आठ खेपा. दहाव्या दिवशी काशीबाई वाळूत बसून तंबाखू मळत होती आणि नम्रताच ओढत होती. टाच रोवायची, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवायचा, मागे रेलायचं, दुसरी टाच. पलीकडे समुद्र आपल्याकडे ओढतोय आणि इकडे आपण त्याला ओढतोय, यात तिला अशी काही मजा यायला लागली की ती वाटेत आरोळ्या द्यायची. दुपारी भिंतीला पाठ लावून बसायचं, संध्याकाळी पायरी. व्यायामाच्या चौथ्या आठवड्यात विहिरीच्या पायऱ्या ती मोजून उतरली. सुई नाही. पाचव्यात जुनी पॅन्ट मांडीवर चढेना, तेव्हा तिने ती हातात घेऊन सगळ्या आळीला दाखवली. सारिकाने हळूहळू धावायला परवानगी दिली, ती मात्र जाताना आणि येतानाही, या अटीवर. पाववाला तारकर्लीला हॉर्न वाजवून वाजवून एकटाच पुढे गेला.

सगळं असं छान चाललं असताना सातव्या आठवड्यात नम्रताने आपला मूळ स्वभाव दाखवला. एका सकाळी गुडघा इतका हलका वाटला की तारकर्लीला पोचून ती थांबलीच नाही, तशीच मालवणच्या दिशेने सुटली. परत येईपर्यंत गुडघा पुन्हा सुजला होता. सारिका तिला अशी बोलली की बाहेरचे पेशंट चिडीचूप झाले. आठ दिवस धावणं बंद, दोर बंद. सोमवारी ओडिशाला निघायचं होतं, त्याआधीच्या मंगळवारी पायरीवर उभं केलं तेव्हा डाव्या पायावर दहा झाले. उजव्यावर सात. आठव्याला गुडघा आत गेला.

“शुक्रवारी अकराला ये,” सारिका म्हणाली. “उद्यापासून नुसता हलका व्यायाम. शुक्रवारी सकाळी तर काहीच करू नकोस.”

गुरुवारी संध्याकाळी सावित्री पाला बांधत होती. गाठ मारता मारता ती थांबली. “नमे, तुका खरा सांगतंय,” ती म्हणाली. “माका वाटता, ह्यो गुडघो बरो होव नये. माका असा वाटता आणि माझीच माका लाज वाटता.”

नम्रताने फडक्याचं सुटलेलं टोक धरून ठेवलं. “माका म्हायत आसा,” ती म्हणाली.

“तरी रोज पालो बांधतंय ना?”

“बांधतस गो आये.”

सावित्रीने गाठ मारली आणि पदराने डोळे पुसून भाकऱ्या थापायला गेली. त्या रात्री दोघींपैकी कुणालाही झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी नम्रता किनाऱ्यावर गेली ती फक्त निरोप घ्यायला. हात खिशात, पायात चपला, अगदी शहाण्या मुलीसारखी. किनाऱ्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. जाळं टाकून झालेलं, दोर ताठ झालेले आणि पाणी आत काळंनिळं खवळलेलं. बाबली गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता. बांगडा होता, आणि थोडाथोडका नाही. तीन वर्षांत असा थवा रापणीत आला नव्हता. नेमकी आठ माणसं कुणकेश्वरला लग्नाला गेलेली, त्यात काशीबाईही. उरलेली माणसं दोर धरून होती, पण तो वर येईना. उलट इंच इंच समुद्राकडे चालला होता.

बाबलीचं तिच्याकडे लक्ष गेलं. “तू जा गो,” तो म्हणाला. “तुझो आज दिवस आसा. जा तू.”

नम्रता चार पावलं गेलीसुद्धा. मग तिने मागे वळून दोराकडे पाहिलं, चपला काढल्या आणि वाळूत पडलेला एक पट्टा कमरेला बांधला. पुढे कित्येकांनी तिला विचारलं, असं का केलंस? तिला धड उत्तर देता आलं नाही. एवढी माणसं तोंडाला फेस येईपर्यंत ओढत असताना तिथून चालत जायला पाय उचलला नाही, इतकंच. आज तिच्या जागेवर दुसरं कुणी नव्हतं. तिने दोराला हात लावला, म्हणजे आता जाळं बाहेर येईपर्यंत सुटका नाही हे तिला ठाऊक होतं.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. टाच रोवायची, रेलायचं, दुसरी टाच. दहाला मोबाइल वाजला, कुणीतरी तो तिच्या कानाशी धरला. सारिका होती, अकराची आठवण करायला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक लांब श्वास सोडला. “दोन वाजता मी निघते, नम्रता. त्याच्या आत आलीस तर बघू.”

साडेदहाला सावित्री आली. धुतलेली साडी, हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरांचे सगळे कागद. तिने दोरावरच्या लेकीला पाहिलं आणि ती वाळूत उभीच राहिली.

“आये, सोडूक येवचा नाय,” नम्रता धापा टाकत म्हणाली.

सावित्रीने समुद्राकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. या गतीने जाळं बाहेर यायला चार वाजले असते. तिने काही करायचीही गरज नव्हती. नुसतं तिथे उभं राहायचं, आणि दोन वाजून गेले असते, सारिका निघून गेली असती आणि सोमवारचं निघणं टळलं असतं. नम्रतालाही हे कळत होतं, म्हणून तिने मान वळवून आईकडे बघायचं टाळलं. मग दोराला मागून एक हिसका बसला. सावित्रीने पिशवी होडीत ठेवली होती, पदर खोचला होता आणि लेकीच्या मागे दोराला लागली होती. “ओढ,” ती म्हणाली. “अकरा वाजाक इले.”

एका बाईने किती फरक पडतो म्हणाल, तर तिच्या मागून न्याहारी अर्धी टाकून पाहुणे आले, पर्यटकांना पाण्याखाली नेणारी स्कूबावाली पोरं आली, शेजारच्या घरातली सून आली. दोर वर यायला लागला! बाबली आरोळी देत होता, सगळे साथ देत होते, पावलं एका तालात मागे पडत होती. साडेबाराला जाळ्याचं पोट वाळूवर आलं आणि नुसती चांदी उसळायला लागली. लोक नाचत होते. नम्रताने पट्टा सोडला आणि पहिल्यांदा खाली पाहिलं. चार तास झाले होते. तिने गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला. मांड्या पेटल्या होत्या. गुडघा गप्प होता, पण पायरीवर तो काय करील हे तिला सांगता येईना.

“बगत काय रवलंस?” बाबली ओरडला. “टेम्पो काढ रे कोण तरी!”

मालवणला जाणाऱ्या पहिल्या टेम्पोत बांगड्यांच्या पेट्या होत्या, पेट्यांवर नम्रता आणि सावित्री होत्या आणि जिथे जागा सापडली तिथे रापणीची दहा-बारा माणसं होती. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं. पण पोरीला आपण अडकवलं, तेव्हा निकाल ऐकल्याशिवाय बांगडा विकायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोनला पाच कमी असताना टेम्पो दवाखान्यासमोर थांबला. सारिका पर्स खांद्याला लावून दारातच उभी होती. तिने ओल्या, वाळूने माखलेल्या, बांगड्याचा वास मारणाऱ्या त्या सगळ्या लवाजम्याकडे पाहिलं आणि पर्स परत आत ठेवली.

“आज काहीच करू नकोस म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “चल, वर उभी राहा.”

खिडकीच्या गजांना आठ-दहा डोकी चिकटली. आधी डावा पाय. बाहेरून सगळे मोठ्याने मोजत होते, दहाला टाळ्या पडल्या आणि सारिकाने खिडकी लावायची धमकी दिली. मग उजवा. एक, दोन, तीन. नम्रता समोरच्या भिंतीकडे बघत होती. टाच खाली, टाच वर. पाच. सहा. मांडी थरथरत होती, पण गुडघा बोटांच्या रेषेतून हलला नव्हता. सात म्हणून झालं आणि बाहेरचे एकदम गप्प झाले, कारण मंगळवारी सातानंतर काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आठवी टाच कुणी मोजली नाही. नववीही नाही. सारिका खाली वाकून गुडघ्याकडे बघत होती, बाबलीने गजांवरच्या आपल्या हातांवर कपाळ टेकवलं होतं. टाच आणखी एकदा सावकाश खाली गेली, लादीला लागली आणि तितक्याच सावकाश वर आली.

“दहा,” सावित्री म्हणाली.